लोहचुंबक आणि कॅन यांची चुकामूक

पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्याच्या ज्या शेडमध्ये माझी सव्वीस वर्षे गेली, तिथे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली तापमान किती चढत असे हे मी कधी मोजले नाही. परंतु दुपारी तीनच्या सुमारास कोपऱ्यावरच्या टपरीतून थंड पेयाचे कॅन मागवण्याची प्रथा त्या तापमानानेच पाडली होती. मशीनवर खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवू नयेत, असे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि कॅन नेमके त्या पाटीखालच्या लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, डोक्यावर ठेवले जात. लेथ चालू असला की त्याच्या थरथरीने कॅन एकेक मिलिमीटर सरकत कडेकडे जाई. "कॅन चालायला लागला," असे आम्ही म्हणत असू. एकदा तो चालत चालत कडेपर्यंत गेला आणि खालच्या ट्रेमधल्या कूलंटमध्ये, म्हणजे कातताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवात, पडला. मालकांनी बघण्याआधी ते दृश्य नाहीसे करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्या आमच्या वयस्क टर्नरमामांनी दुसऱ्याच दिवशी एक वस्तू तयार करून आणली.

मोजमापाची डायल अडकवायचा जुना मॅग्नेटिक बेस, त्याच्या दांड्याच्या जागी बोल्ट आणि बोल्टाला रिव्हेट केलेले, पत्र्याची पट्टी वाकवून केलेले कडे, एवढाच तो सारा संसार होता. बेस मशीनच्या उभ्या बाजूला टेकवायचा, बटण फिरवायचे आणि कड्यात कॅन सोडायचा. मशीन कितीही थरथरले तरी कॅन जागचा हलत नसे. साडेतीनशे ग्रॅमचा कॅन धरण्यासाठी दीड किलोचा बेस वापरण्यात प्रमाणबुद्धीचा जो अभाव होता, तो मामांना मुळीच जाणवला नाही आणि आम्हालाही नाही. चुंबकाच्या साहाय्याने पेयाचा कॅन धरून ठेवण्याचा उद्योग जगभर असंख्य हौशी मंडळी करतात हे मला फार नंतर कळले, आणि तेव्हापासून अशा वस्तू पाहणे, त्या घरी करून पाहणे आणि त्या का फसतात याचा शोध घेणे हा माझा निवृत्तीनंतरचा एक निरुपद्रवी छंद झाला आहे.

मॅग्नेटिक बेस ज्यांनी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या खेळात माझ्या मते याहून सुंदर वस्तू नाही. बाहेरून तो लोखंडी ठोकळा दिसतो. प्रत्यक्षात ते दोन लोखंडी अर्धे असतात आणि त्यांच्या मधोमध पितळेसारख्या, चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूची फट भरलेली असते. आतल्या गोल भोकात एक चुंबक फिरता बसवलेला असतो. बटण एका बाजूला असते तेव्हा चुंबकाची दोन्ही टोके प्रत्येक अर्ध्याला सारखीच स्पर्श करतात, त्यामुळे चुंबकीय रेषा ठोकळ्याच्या आतल्या आत वाट काढून परत येतात आणि तळाला काहीही चिकटत नाही. बटण पाव फेरा फिरवले की उत्तर टोक एका अर्ध्याकडे आणि दक्षिण टोक दुसऱ्याकडे जाते; मधली पितळी फट ओलांडणे अवघड म्हणून रेषा खालच्या मशीनच्या लोखंडातून वळसा घेतात आणि तो वळसा म्हणजेच पकड. चुंबक कधीच "बंद" होत नाही, फक्त त्याची वाट बदलते. साध्या बेसची ओढ साठ किलोंच्या आसपास असते आणि तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असल्याने तो गोल पाइपवरही बसतो. मामांचे कडे मुहूर्तालाच लेथवर बसले खरे, पण आठवडाभरातच ते शेडच्या खांबावर, टूल ट्रॉलीवर आणि मालकांच्या स्कूटरवरही बसून आले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कॅनच थेट चुंबकाला का लावत नाहीत? आपल्या भाषेने याचे उत्तर शब्दातच देऊन ठेवले आहे. आपण त्याला नुसता चुंबक न म्हणता लोहचुंबक म्हणतो. संस्कृतातला अयस्कान्त हा शब्दही लोखंडाचाच प्रियकर सांगतो. पेयाचा कॅन ॲल्युमिनियमचा असतो आणि त्या धातूशी या प्रियकराचे काही देणेघेणे नसते. अगदी काटेकोर बोलायचे तर ॲल्युमिनियम चुंबकाकडे किंचित ओढला जातो, परंतु ती ओढ इतकी क्षीण असते की ती पाहायला प्रयोगशाळेतला तराजू लागेल. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, कॅनमधले पेय, म्हणजे मुख्यतः पाणी, चुंबकापासून तितक्याच क्षीणपणे दूर ढकलले जाते. म्हणजे डबा येऊ म्हणतो आणि आतला माल नको म्हणतो. अशा स्थळाचे लग्न जमवण्याचा प्रयत्न जगभरचे हौशी कारागीर करीत असतात.

परंतु हे स्थळ पूर्वी असे नव्हते. कॅनमधली पहिली बिअर २४ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड या गावी विक्रीला आली. ती न्यू जर्सीतल्या क्रूगर या कंपनीची होती आणि तो कॅन कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा होता. तो चुंबकाला खुशाल चिकटला असता. पुढची पंचवीस-तीस वर्षे कॅन म्हणजे लोखंडच होते. १९५९ मध्ये कूर्स या कंपनीने सात औंसांचा ॲल्युमिनियमचा कॅन काढला, १९६७ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी त्या वाटेने गेल्या आणि हळूहळू पोलाद मागे पडले. याच्या उलट चुंबकाची कथा पाहा. कॅन लोखंडाचा होता त्या काळात सामान्य माणसाच्या हाती येणारे चुंबक म्हणजे अल्निको या मिश्रधातूचे नाल किंवा पन्नाशीच्या दशकात आलेले फेराइटचे काळे तुकडे, जे रेडिओच्या स्पीकरमागे दिसतात. भरलेला कॅन उभ्या पत्र्यावर धरायला त्यांचा मोठा, जड आणि बेढब गोळा लागला असता. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक, जो फेराइटच्या दहापट ऊर्जा साठवतो आणि बोटाच्या पेराएवढा असूनही काही किलो ओढतो, तो जपानमधल्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १९८३च्या सुमारास जगासमोर आणला. तोवर अमेरिकेतल्या दुकानांतले कॅन बव्हंशी ॲल्युमिनियमचे झालेले होते. ज्या दिवशी चुंबक लायक झाला, त्या दिवशी कॅनने धातू बदललेला होता. एकाच स्टेशनावर दोघे उतरले, पण एक सकाळच्या गाडीने आणि दुसरा संध्याकाळच्या. चुंबकी कॅनधारक या नावाखाली जे काही विकले जाते किंवा गॅरेजमध्ये ठोकून काढले जाते, ते सारे या चुकामुकीवर शोधलेले उतारे आहेत.

जपानमध्ये ही चुकामूक पुरती झाली नाही. तिथे १९६९ मध्ये यूसीसी कंपनीने दूध घातलेली कॉफी कॅनमधून विकायला काढली आणि कॉफीचे कॅन दीर्घकाळ पोलादाचेच राहिले. त्यामागे सबळ कारण होते. सोड्याच्या कॅनच्या भिंती जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतात आणि त्या ताठ राहतात त्या आतल्या वायूच्या दाबामुळे. रिकामा कॅन एका हाताने चुरगळता येतो आणि बंद कॅन येत नाही, तो याचसाठी. दुधाच्या कॉफीत वायू नसतो, शिवाय ती डब्यात भरल्यावर उच्च तापमानाला निर्जंतुक करावी लागते, म्हणून स्वतःच्या बळावर उभी राहणारी भिंत हवी असते. टोकियोत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तसा एक रिकामा कॅन मला आणून दिला, तेव्हा त्याच्या तळाला चुंबक टपकन चिकटलेला पाहून मला एखादा दुरावलेला नातेवाईक भेटावा तसा आनंद झाला. वरचे झाकण मात्र ॲल्युमिनियमचेच निघाले. ओढून उघडायच्या चावीसाठी तिथे मऊ धातू लागतो.

आता उताऱ्यांकडे वळू. सर्वांत जास्त दिसणारा उतारा म्हणजे कॅनला अंगरखा घालणे. ऑस्ट्रेलियात ज्याला स्टबी होल्डर म्हणतात, तो पाणबुड्यांच्या पोशाखासारख्या फुगीर रबरी कापडाचा बिनबाह्यांचा अंगरखा कॅनला थंड ठेवतो आणि बाहेरचे दव हाताला लागू देत नाही. त्याच्या एका बाजूच्या शिवणीत दोन-तीन चुंबक शिवून टाकले की तो गाडीच्या दाराला, हत्यारांच्या कपाटाला किंवा बागेत मांस भाजायच्या लोखंडी शेगडीच्या चौकटीला चिकटतो. अमेरिकेतल्या मेकॅनिक लोकांसाठी हत्यारांच्या ट्रॉलीला चिकटणारे प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे पेलेही मिळतात आणि ते बरेच उपयोगी असतात, इतके की त्यांना गमतीदार म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. होड्यांवर लाटांमुळे पेले घरंगळू नयेत म्हणून सिल्वी नावाची एक जर्मन कंपनी तळाशी चुंबक असलेले पेले आणि त्यांच्याखाली चिकटवायच्या धातूच्या चकत्या विकते. इथे विचार सरळ आहे: कॅनला सोडून द्या आणि पेलाच चुंबकाचा करा.

या सगळ्यांत प्रामाणिक मात्र एकच आहे आणि तो कॅनसाठी नसून बाटलीसाठी आहे. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेले काचेच्या बाटलीचे दातेरी बूच आजही पोलादी पत्र्याचे असते. दातांची संख्या मात्र चोविसावरून एकवीस झाली. फ्रिजच्या आतल्या छताला चुंबकांची पट्टी चिकटवायची आणि बाटल्या बुचाने तिला उलट्या वटवाघळांसारख्या, किंवा खरे तर सुलट्या वटवाघळांसारख्या, लटकवायच्या अशी बॉटललॉफ्ट नावाची वस्तू अमेरिकेत निघाली. त्यात अंगरखा नाही, कडे नाही, मध्यस्थ नाही. चुंबक आणि लोखंड यांची थेट भेट आहे आणि वजन चुंबकाच्या ओढीच्या नेमक्या विरुद्ध दिशेने, म्हणजे चुंबक जिथे सर्वांत बलवान असतो त्या दिशेने पडते. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि घरगुती प्रयोगांत माझे जे हसे झाले ते तो न कळल्यामुळेच.

माझ्या पहिल्या प्रयोगाची हकिकत अशी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी निओडिमियमचे चार गोल चुंबक आणले. दुकानदाराने एकेक दहा किलो ओढतो असे सांगितले आणि ते खोटे नव्हते. मी हिशेब केला: भरलेला कॅन साडेतीनशे ग्रॅम, पत्र्याचे कडे दीडशे ग्रॅम, एकूण अर्धा किलो, तेव्हा एक चुंबक वीसपट पुरेल. एक चुंबक कड्याला मागच्या बाजूने चिकटवला, कडे आमच्या जुन्या लोखंडी कपाटाला लावले आणि त्यात मोठ्या दिमाखाने कॅन ठेवला. कडे पडले नाही. ते घसरले. लिफ्टसारखे, सावकाश, कुठलाही आवाज न करता ते कॅनसह कपाटाच्या दारावरून खाली उतरत गेले आणि त्याने हिरव्या रंगावर एक लांब ओरखडा मागे ठेवला, जो अजून तिथे आहे आणि घरी पाहुणे आले की त्याचा इतिहास मला सांगावा लागतो.

कारण साधे आहे, पण ते स्वतःच्या कपाटावर उमटल्याशिवाय मनात उतरत नाही. चुंबक कपाटाकडे ओढतो, म्हणजे आडवा. कॅनचे वजन खाली ओढते, म्हणजे उभे. चुंबकाची आडवी ओढ कॅनला वर धरूच शकत नाही. वर धरते ते घर्षण, आणि घर्षण म्हणजे आडव्या ओढीचा एक अंश. निकेलचा गुळगुळीत मुलामा असलेला चुंबक आणि रंगवलेला गुळगुळीत पत्रा यांच्यात तो अंश साधारण एक पंचमांश धरावा. म्हणजे अर्धा किलो पेलायला अडीच किलोंची ओढ हवी. दहा किलोंच्या चुंबकाला एवढे जमायला हवे होते, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. परंतु दुकानातले दहा किलो हे जाड, उघड्या, रंग नसलेल्या पोलादी ठोकळ्यावरचे दहा किलो असतात. कपाटाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि एवढ्या पातळ लोखंडात चुंबकाच्या सगळ्या रेषा मावत नाहीत. उरलेल्या पलीकडे सांडतात आणि वाया जातात. त्यात रंगाचा थर म्हणजे चुंबक आणि लोखंड यांच्यामधली फट, आणि फटीपुढे चुंबकाची ताकद झपाट्याने वितळते. भरीला कॅनवरचे दव ओघळून चुंबकाखाली गेले. त्या दिवशी हातात सामान तोलायचा काटा असता तर दहा किलोंचे किती उरले होते ते मला कळले असते. मी ते ओरखड्यावरून ओळखले.

या विषयातले पुष्कळ लोक इथे चुंबकांची संख्या वाढवतात. मीही चार लावले आणि कडे थांबले. पण मग ते काढायला पेचकस घालावा लागला आणि कपाटाचा आणखी रंग गेला. खरा उपाय मामांनी फोनवर सांगितला आणि त्यासाठी एक पैसाही लागला नाही: "सायकलची फाटकी ट्यूब आहे ना घरी? तिचा तुकडा लावा मागे, साहेब." रबराने घर्षण कित्येक पटींनी वाढते. रबर म्हणजे पुन्हा फटच, त्यामुळे ओढ घटते. परंतु ट्यूबचा तुकडा पातळ असेल तर घर्षणातला नफा ओढीतल्या तोट्याहून मोठा राहतो. जाड रबर लावले की गणित उलटते, हे मी चपलेचा तळ लावून पाहिल्यावर समजले. बाजारातल्या चांगल्या धारकांना रबराचे पातळ अस्तर असते ते रंग वाचवण्यासाठी, असे मी समजत होतो. रंग वाचतो हे खरेच, पण ते अस्तर मुख्यतः कॅन वाचवते.

दुसरे शिक्षण जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कने दिले. तिच्यात मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन जबरदस्त चुंबक लोखंडी पट्ट्यांवर चिकटवलेले असतात आणि ते फुकट मिळतात म्हणून हौशी मंडळींमध्ये फार लोकप्रिय आहेत. मी मोठ्या खटपटीने एक चुंबक पट्टीवरून सुटा केला आणि पाहतो तो त्याची पकड कमी झालेली. ती पट्टी निव्वळ आधार नव्हती. मागच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या रेषा गोळा करून ती पुढच्या बाजूला लावत होती. मॅग्नेटिक बेसचे तत्त्व मी सव्वीस वर्षे हाताळले होते आणि तरीही ते इथे मला ओळखता आले नाही. सोडवताना त्याचा एक टवकाही उडाला, कारण हे चुंबक दिसायला धातूसारखे असले तरी स्वभावाने चिनी मातीच्या बशीसारखे ठिसूळ असतात. टवका उडालेल्या जागी निकेलचा मुलामा गेला आणि पुण्याच्या एका पावसाळ्यात तो चुंबक करड्या भुकटीत सुटू लागला. दोन चुंबकांच्या मध्ये माझी करंगळीही सापडली होती, पण त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. एवढे मात्र लिहितो की घरात लहान मुले असतील तर सुटे छोटे चुंबक ठेवूच नयेत. दोन गिळले गेले तर ते आतड्यांच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर जाते. हृदयात पेसमेकर असलेल्यांनीही या छंदापासून लांब राहावे.

पत्र्यांचाही एक वांधा आहे. ज्यावर चिकटवायचे तेच हल्ली लोखंडाचे उरलेले नाही. आमच्या नव्या फ्रिजच्या दाराला काचेचा तकतकीत मुलामा आहे आणि त्यावर आमच्या संग्रहातला एकही धारक टिकत नाही. स्टेनलेस स्टीलचे दार असेल तर ते कोणत्या जातीचे यावर सगळे अवलंबून असते: ४३० क्रमांकाचे स्टील चुंबकाला लागते, ३०४ क्रमांकाचे लागत नाही. भांड्यांच्या दुकानात आपल्याकडे पेल्याला चुंबक लावून "चिकटला, म्हणजे स्टील हलके" असे सांगणारे लोक असतात; तो निवाडा अर्धाच खरा आहे, कारण दोनशेच्या मालिकेतले स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. अमेरिकेत तर २०१५च्या फोर्ड एफ-१५० या मालवाहू गाडीचे सगळे अंगच ॲल्युमिनियमचे झाले. तिथल्या हौशी लोकांनी बनवलेल्या कॅनधारकांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करून मला आजही हसू येते. आधी कॅनने लोखंड सोडले आणि मग गाडीने.

हवेत तरंगणारा कॅन हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे स्वप्न आहे. खाली चुंबक, वर चुंबक, सजातीय टोके समोरासमोर आणि मध्ये कॅन अधांतरी. माझ्या भाच्याच्या मुलाने, म्हणजे नातवानेच म्हणायचे, हे करून पाहण्यात दिवाळीची निम्मी सुट्टी घालवली आणि दर वेळी कॅन एका बाजूला कलंडून उलटा फिरला आणि खालच्या चुंबकाला जाऊन बसला. त्याला मी सांगितले की यात तुझा काही दोष नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केले आहे की केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही. विकत मिळणारे तरंगते दिवे आणि पृथ्वीचे गोल तरंगतात ते आतल्या विद्युतचुंबकामुळे आणि वस्तू कुठे कलते आहे हे क्षणोक्षणी मोजून प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या संवेदकामुळे. त्यावर त्याने विचारले की मग पाणीच तरंगवता येईल का, आणि याचे उत्तर, आश्चर्य वाटेल, पण होय असे आहे. आंद्रे गाइम यांनी १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे सोळा टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) आसपासच्या चुंबकात एक जिवंत बेडूक तरंगवला. बेडकातले पाणी चुंबकापासून दूर ढकलले जाते, त्या ढकलण्यावर. या प्रयोगाला २००० साली गमतीचे इग नोबेल मिळाले आणि पुढे २०१० मध्ये ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थरावरच्या कामासाठी, गाइम यांना खरे नोबेल मिळाले. म्हणजे सिद्धान्ततः कॅन बाजूला ठेवून पेयाचे गोळेच हवेत धरता येतील. वीजबिलाचा विषय मी नातवापुढे काढला नाही.

त्या सुट्टीतला यशस्वी प्रयोग अगदी वेगळा होता. रिकामा कॅन पाण्याच्या पातेल्यात उभा तरंगत ठेवला, वरचे झाकण कापून टाकले आणि दोरीला बांधलेला चुंबक पीळ देऊन आत सोडला. चुंबक फिरू लागला तशी, कुठेही स्पर्श नसताना, कॅननेही मंद गिरकी घ्यायला सुरुवात केली. फ्रान्स्वा अरागो यांनी १८२४ मध्ये तांब्याच्या चकतीवर हेच पाहिले होते आणि त्याचे कारण १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लावले: हलणारा चुंबक धातूत प्रवाहांचे भोवरे उठवतो आणि ते भोवरे चुंबकाच्या मागे धातूला ओढत नेतात. ज्या ॲल्युमिनियमला थांबलेला चुंबक दिसतही नाही, त्याला हलता चुंबक लगेच दिसतो. जुन्या स्कूटरच्या वेगमापकात हेच चालत असे. केबलवर फिरणारा चुंबक आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी, म्हणजे जवळजवळ एक इवलासा कॅनच. ओटो शुल्झ यांनी बर्लिनमध्ये त्याचे पेटंट १९०२ मध्ये घेतले. घराघरांतल्या जुन्या वीजमीटरमधली गरगर फिरणारी चकतीही ॲल्युमिनियमची आणि तिला लगाम घालणारा चुंबक शेजारी. भंगाराच्या कारखान्यात या भोवऱ्यांच्या जोरावर, वेगाने फिरणाऱ्या चुंबकांच्या रुळावरून, कॅन कचऱ्यातून दूर उडवले जातात. धरून ठेवायला सांगितले तर चुंबक असमर्थ ठरतो, हाकलायला सांगितले तर मात्र तरबेज.

चुंबकाकडून काय मागावे आणि काय मागू नये याचा उत्तम निवाडा मला स्कायलॅबच्या जेवणाच्या ताटात सापडला. १९७३ मध्ये सोडलेल्या त्या अमेरिकी अंतराळस्थानकावर जेवण ॲल्युमिनियमच्या डब्यांत भरलेले असे. ताटाला डब्यांच्या मापाचे खोलगट खण पाडलेले होते आणि डबे त्यांत बसत; चुंबक ठेवले होते ते फक्त काटे, चमचे आणि सुऱ्या धरण्यासाठी. डब्याला भोक आणि चमच्याला चुंबक. अभियंत्यांना चुंबकाने डबे धरण्याचा मोह झाला असेल की नाही कोण जाणे, पण मामांचे कडे आणि स्कायलॅबचे ताट यांच्यातले साम्य पाहून मला मामांना ते छायाचित्र पाठवल्यावाचून राहवले नाही. "आपले कडे जास्त मजबूत आहे," एवढेच उत्तर आले.

आमच्या घरात चुंबक आणि डबा यांची खरी भेट गेल्या डिसेंबरात झाली. बाहेर थंडी होती, परदेशातली मंडळी आलेली होती आणि त्यांना आमरस-पुरी हवी होती. हंगाम नसल्याने रत्नागिरीहून आणलेला साडेआठशे ग्रॅमचा हापूसच्या रसाचा डबा उघडायचा ठरला. हा डबा कथिलाच्या मुलाम्याच्या पोलादाचा, म्हणजे १९३५च्या त्या क्रूगर कॅनच्या थेट कुळातला. साध्या डबाकापणीने मी झाकण गोल कापत आणले आणि शेवटच्या इंचाला ते सुटून रसात तिरके बुडाले. काही देशांत डबाकापणीलाच छोटा चुंबक बसवलेला असतो, तो नेमका याच अपघातासाठी. आमच्या डबाकापणीला नव्हता. चिमटा शोधायला मी उठलो, तोवर भाच्याने खिशातून चुंबक काढून झाकणाच्या वर आलेल्या कडेला लावला आणि झाकण अलगद बाहेर काढले. घसरणे नाही, ट्यूब नाही, कडे नाही. मी आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारणार, इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून सौ.चा आवाज आला: "अरे, तो लोहचुंबक आधी धुतला होतास का?"